सीताफळाला कोणता पाऊस हवा?

‘बेरी’ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? बहुधा महाबळेश्वरची लालचुटूक स्ट्रॉबेरी, नाहीतर इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतील निळ्या-जांभळ्या ब्ल्यूबेरी. बीड जिल्हा काही डोळ्यांपुढे येत नाही. बीड म्हटले की टँकर, चारा-छावण्या, भेगाळलेली जमीन आणि ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे, अशीच चित्रे वर्तमानपत्रांनी आपल्या मनावर उमटवली आहेत.

वनस्पतिशास्त्रज्ञाला विचाराल तर तो मात्र वेगळेच सांगेल. ज्या फळाचा गर मऊ असतो आणि बिया त्या गरातच बसलेल्या असतात, त्याला तो ‘मृदुफळ’ म्हणतो. इंग्रजीतली बेरी ती हीच. या व्याख्येने द्राक्ष हे मृदुफळ, टोमॅटो मृदुफळ, आणि भरली वांगी करतो ते वांगेसुद्धा मृदुफळच! उलट स्ट्रॉबेरी नावात बेरी असूनही मृदुफळ नव्हे. तिचा लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक, आणि तिच्या अंगावरचे बारीक टिपके हीच तिची खरी, सुकी फळे. आता बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ घ्या. ते एक फळ नाहीच. ते अनेक छोट्या मृदुफळांचा एकजीव झालेला घोस आहे. सीताफळाच्या अंगावरचा एकेक डोळा म्हणजे मुळात एकेक स्वतंत्र मृदुफळ. तेव्हा बीड जिल्ह्यात बेरी पिकते, आणि चांगली पिकते. २०१६ साली ‘बीड सीताफळा’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

हे सारे सांगण्याचे कारण निराळेच आहे. एखाद्या प्रदेशाची हवा चांगली की वाईट, हे आपण फार घाईने ठरवतो. भूगोलाच्या पुस्तकात प्रत्येक ठिकाणासमोर वार्षिक पावसाचा एक आकडा असतो. महाबळेश्वर, पाच हजार मिलिमीटरहून अधिक. बीड, सहाशेच्या आगेमागे. हा आकडा पाहून आपण महाबळेश्वरला भाग्यवान ठरवतो आणि बीडला ‘अवर्षणप्रवण’ असा शिक्का मारतो. शिक्का खोटा नाही. मोसमी वारे सह्याद्री चढताना बरेचसे बाष्प तिथेच टाकून देतात, आणि घाट उतरून आलेली हवा तापलेली व कोरडी असते. बीड त्या पर्जन्यछायेत आहे. पण फळझाडाच्या दृष्टीने हा वार्षिक आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे मत आहे. झाडाला वर्षाचा पाऊस कळत नाही. त्याला आठवडा कळतो.

महाबळेश्वरचेच उदाहरण पाहू. तिथे पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असतो तेव्हा स्ट्रॉबेरीचे पीक शेतात नसतेच! त्या दिवसांत रोपवाटिकांमध्ये मातृरोपांच्या धावत्या खोडांपासून नवी रोपे तयार केली जात असतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती गादीवाफ्यांवर लावतात. मग रोप वाट पाहते ती पावसाची नव्हे, लहान दिवसांची आणि थंड रात्रींची. दिवस आखूड झाला आणि रात्रीचा पारा उतरला की त्याला कळ्या धरू लागतात. डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फळ चालू राहते, आणि या सगळ्या काळात त्याला लागणारे पाणी ठिबकच्या नळीतून येते. ऐन हंगामात वरून पाऊस आला तर तो शत्रूच. ओल्या फळांवर करड्या रंगाची बुरशी चढते. म्हणजे महाराष्ट्रातल्या अतिशय पावसाळी गावाने जे फळ नावारूपाला आणले, त्या फळाला तिथला पाऊस नको आहे. त्याला हवी आहे ती तिथली उंची.

हा उंचीचा हिशेब तुम्हीही करू शकता. दर हजार मीटर चढलो की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, बीड शहर पाचशेच्या आसपास. फरक साडेआठशे मीटरचा, म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसचा. ऐकायला हे थोडे वाटते. पण स्ट्रॉबेरीच्या कळीला रात्रीचे पाच अंश म्हणजे होय आणि नाही यांतला फरक. मात्र पारा फारच उतरला तरी पंचाईत असते. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या तुम्ही थंडीत वाचता. पर्यटकांना तिचा आनंद होतो, स्ट्रॉबेरीवाल्याची मात्र झोप उडते. कारण गोठलेले फूल काळे पडते आणि त्यातून फळ धरत नाही.

उष्ण मुलखात कुणी स्ट्रॉबेरी काढली की तिची छायाचित्रे छापून येतात. त्या शेतकऱ्याच्या धडपडीचे कौतुक व्हावे. पण त्याच्या गावाबाहेरच्या डोंगरावर आपण होऊन उगवलेल्या सीताफळाचे छायाचित्र कुणी छापत नाही, याचे मला नवल वाटते.

तर आता त्या सीताफळाकडे वळू.

हे झाड मूळचे इथले नव्हे. ते अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आले. पण बालाघाटात ते असे रुजले की आता त्याला परके म्हणवत नाही. बीड, धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या भागांतल्या मुरमाड, उथळ मातीच्या उतारांवर ते सहज दिसते. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. चराऊ डोंगरावर टिकून राहण्यासाठी एखाद्या झाडाला याहून मोठी देणगी कोणती हवी! शिवाय पाण्याचा खडखडाट होतो त्या दिवसांत ते पाने गाळून बसते. पाने नाहीत, तर पानांवाटे पाणी उडणेही नाही. दुष्काळाशी लढण्याऐवजी ते तो निजून काढते.

झाडाची ही तऱ्हा दणकट, पण त्याचे फूल अतिशय नाजूक. एप्रिल-मे महिन्यांत नव्या पालवीबरोबर फुले येऊ लागतात. दिसायला अगदी साधी: हिरवट-पिवळी, खाली मान घातलेली, तीन जाड पाकळ्यांची. पाकळ्या अलगद दूर करून भिंगातून पाहा. मधोमध एका उंचवट्यावर बारीक किंजदले दाटीने बसलेली असतात, आणि त्यांच्याभोवती केसरांचे कडे असते. स्त्रीभाग आणि नरभाग एकाच फुलात, अगदी शेजारी शेजारी. तरी त्यांची गाठ पडत नाही. किंजदलांची टोके, म्हणजे किंजल्क, आधी तयार होतात. तेव्हा ती ओलसर आणि चिकट असतात. त्याच फुलातले पराग सुटतात ते नंतर, आणि तोवर किंजल्क बहुधा वाळून गेलेले असतात. म्हणून एका फुलाला पराग हवा तो दुसऱ्या फुलाचा. तो आणते कोण? मधमाशी नव्हे. या फुलाच्या पाकळ्या नीट उघडतच नाहीत. त्या फटीतून आत शिरतात ते दोन-चार मिलिमीटर लांबीचे भुंगेरे. कुजकी फळे आणि ओला पालापाचोळा ही त्यांची आवडती जागा.

आता या नाट्यात हवा कुठे येते ते पाहा. मे महिन्यातली बीडची दुपार. पारा चाळिसाच्या वर, हवा कोरडी ठक्क. ओला रुमाल दोरीवर टाकला तर पाहता पाहता वाळतो. मग टाचणीच्या टोकाहून लहान असा किंजल्क किती वेळ ओला राहील? तो वाळला म्हणजे त्यावर पडलेला पराग रुजत नाही. भुंगेरेही अशा हवेत फारसे नसतात. त्यामुळे उन्हाळ्यात येणारी बरीचशी फुले नुसती गळून जातात. मग मृगाचा पाऊस येतो. त्या पावसाने जमीन भिजते हे आपण पाहतो; पण हवाही भिजते, हे सहसा लक्षात घेत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत चढली की तेच फूल, तोच किंजल्क, पण आता तो ओला टिकतो. पाचोळ्यात ओल आल्याने भुंगेरे वाढतात. आणि फळ धरू लागते. सीताफळाला जूनचा पाऊस हवा असतो तो आधी श्वासाला आणि मग मुळांना, असे म्हटले तरी चालेल.

याचा पुरावा तुम्ही बाजारातून विकत आणू शकता. गोल, भरीव सीताफळ आणू नका. एका बाजूने बसके, वाकडे झालेले निवडून आणा. (विक्रेता तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहील. पाहू द्या.) ते मधोमध उभे कापा आणि दोन्ही बाजूंच्या बिया मोजा. बसक्या बाजूला बिया बहुधा कमी भरतील. ज्या किंजदलांना पराग मिळाला नाही ती वाढली नाहीत, म्हणून फळाची ती बाजू आत गेली. जून-जुलैतल्या एखाद्या दिवशी हवा कशी होती, याची खूण चार महिन्यांनी तुमच्या ताटलीत येते.

फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण एकशेदहा ते एकशेपंचवीस दिवस लागतात. या काळात गरज बदलत जाते. जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून सरी हव्यात. लांब खंड पडला की फळ लहान राहते, गर कमी आणि बियाच फार. खंडानंतर एकदम जोराचा पाऊस झाला तर आतला गर झपाट्याने फुगतो आणि साल तडकते. सप्टेंबरात ढग हटेनात आणि रिपरिप थांबेना, तर फळावर काळे डाग पडतात, कूज लागते. शेवटचे दोन-तीन आठवडे उघडीप आणि ऊन मिळाले की डोळे उघडतात, त्यांच्यामधल्या रेघा पिवळट दिसू लागतात. पण फार उशीर होऊन थंडी आली तर फळ पिकायचेच थांबते आणि झाडावरच काळे, कडक होऊन बसते.

हे सगळे ध्यानात ठेवून आता पावसाच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. २०१४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४२ टक्के कमी पाऊस झाला. २०१५ मध्ये ४० टक्के कमी. आकड्यांवरून ही दोन वर्षे जुळी भावंडे वाटतात. पण २०१४ साली पावसाने सुरुवातीलाच दडी मारली. जून जवळजवळ कोरडा गेला. २०१५ साली उलट झाले. जूनच्या पूर्वार्धात पाऊस आला, आणि पुढे जुलै-ऑगस्टमध्ये लांबलचक खंड पडला. ज्वारी-कापसाच्या शेतकऱ्याला दोन्ही वर्षे जड गेली, यात शंका नाही. सीताफळाच्या झाडाच्या जागी बसून मात्र विचार करा. पहिल्या वर्षी फुले आली तेव्हा हवेत ओल नव्हती, म्हणजे फळ धरण्याचीच अडचण. दुसऱ्या वर्षी धरायला हवा बरी, पण धरलेले फळ पोसायला पाणी नाही. दुखणी दोन, म्हणून उपायही दोन. पहिल्यासाठी फुलोऱ्याच्या दिवसांत बागेत ओलावा राखायला हवा, दुसऱ्यासाठी मुळांशी आच्छादन घालून असलेली ओल जपायला हवी. ‘चाळीस टक्के तूट’ या शब्दांतून यांपैकी काहीच कळत नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले. अवर्षणाचा शिक्का बसलेल्या जिल्ह्यात फळाला त्या महिन्यात धोका होता तो पाण्याच्या अतिरेकाचा.

यापुढचा हिशेब केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही, म्हणून जरा सावकाश वाचा. समजा, पाऊस वेळेवर आला आणि फळ २५ जूनला धरले. एकशेवीस दिवसांनी तारीख येते २३ ऑक्टोबर. समजा, पाऊस लांबला आणि फळ २० जुलैला धरले. मग तारीख येते १७ नोव्हेंबर; आणि रात्री गार पडू लागल्यामुळे आणखी काही दिवस लागतील ते वेगळे. आता बीड जिल्ह्यातले दुसरे वेळापत्रक आठवा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी सुरू होतो, आणि त्याआधी या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. तुमच्यापैकी काहींच्या वर्गातले बाक त्या दिवसांत रिकामे होतात. डोंगरातली सीताफळे वेचून पाट्या भरून बाजारात नेणे, हे अशाच घरांतल्या माणसांना जमणारे काम. फळ ऑक्टोबरात आले तर निघण्यापूर्वी चार पैसे हाती पडतात. ते तीन आठवडे लांबले तर फळ डोंगरावर आणि वेचणारे हात उसाच्या फडात, अशी वेळ येते. वर्षाचा एकूण पाऊस दोन्ही वेळा अगदी सारखा असू शकतो.

सीताफळ टिकत असते तरी एक वेळ निभावले असते. पण पिकल्यावर ते दोन-तीन दिवसांत खाऊन संपवावे लागते. केळीसारखे दूर पाठवणे अवघड. शीतगृहात ठेवावे तर फार थंडीने त्याची साल काळी पडते. गर काढून गोठवणे हा मार्ग आहे, आणि तो चालूही झाला आहे. पण त्यासाठी फळ ठरल्या वेळी, एकदम आणि भरपूर यावे लागते. पुन्हा प्रश्न तारखेचाच.

या तारखेवर माणसाला हुकूम चालवता येतो का? द्राक्षवाल्यांनी तो चालवून दाखवला आहे. युरोपातली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडी नाही. म्हणून नाशिक-सांगलीकडचे बागायतदार वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. यामुळे घड पोसण्याचे आणि पिकण्याचे दिवस कोरड्या ऋतूत येतात. युक्ती नामी आहे, पण हवेने करार मोडला की सारे कोसळते. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ चक्रीवादळामुळे अवेळी पाऊस आला, तेव्हा वेली ऐन फुलोऱ्याच्या सुमारास होत्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा घड काढणीला आलेले होते. ज्यांच्याकडे सीताफळाची लावलेली बाग आहे आणि उन्हाळ्यात द्यायला पाणी आहे, तेही छाटणी करून आणि पाणी देऊन बहर थोडा अलीकडे आणतात. डोंगरातल्या झाडाला मात्र ना कात्री, ना ठिबक. त्याची तारीख आभाळच ठरवणार.

मग ‘ते तर रानातले झाड’ असे म्हणून सोडून द्यावे का? अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या ठेंगण्या रानटी ब्ल्यूबेरी कुणी ओळीने लावलेल्या नाहीत. त्या माळांवर आपोआप वाढलेल्या आहेत. तरी तिथे त्यांचा मोठा व्यापार चालतो. लोक एक वर्षाआड झुडपे जाळतात किंवा छाटतात, म्हणजे नवी फूट येऊन पुढच्या वर्षी भरपूर फळ लागते. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात. फुलांच्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जाईल का, यावर सर्वांचे डोळे असतात. या रानटी झुडपांसाठी मेन विद्यापीठाने जोन्सबोरो येथे खास संशोधनाची शेती राखली आहे. रानातले फळ म्हणजे दुर्लक्षित फळ, असे तिथे कुणी मानत नाही. आपल्याकडेही अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. तेव्हा सुरुवात झालेलीच आहे. उणीव आहे ती गावोगावच्या नोंदींची.

ती उणीव किती महागात पडते, ते सांगतो. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ती पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद करतात. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई अशाच नोंदींवरून ठरते, आणि त्या विम्यात सीताफळही आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मराठवाड्याच्या शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला निघतो. म्हणजे हवेची नोंद होते. पण झाडाची? कोणत्या गावी पहिले फूल कधी आले, गळ किती झाली, फळ कधी धरले, हे कुठल्याच यंत्राला कळत नाही. विम्यात धोक्याचे दिवस दिनदर्शिकेच्या तारखांनी बांधलेले असतात. झाड दिनदर्शिका पाहत नाही. फुलोरा पंधरा दिवस पुढे सरकला तर कागदावरचा धोका आणि झाडावरचा धोका यांची चुकामूक होणार. आणि विमा बागेचा असतो; डोंगरावरचे झाड वेचणाऱ्या बाईला तो मिळत नाही. तिच्यासाठी तर पुढचे दोन आठवडे कसे जातील याचा अंदाज, हीच काय ती मदत.

माझे म्हणणे असे की पावसाच्या आकड्याशेजारी फुलाची तारीख लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहिण्यासाठी शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. शाळा प्रत्येक गावात आहे, ती जूनमध्येच सुरू होते, आणि तिच्याकडे पाहणारे शंभर डोळे असतात.

यावर काही जण म्हणतील, ‘मुलांच्या वहीतल्या नोंदींना शास्त्र म्हणायचे का?’ त्यांना जपानमधल्या क्योटो शहराचे उदाहरण द्यावे. तिथे चेरीला पूर्ण बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्या शास्त्रज्ञांनी केलेल्या नाहीत. दरबारी मंडळी आणि भिक्षू यांच्या रोजनिश्यांत त्या आहेत. त्यांच्या जवळ साधा उष्णतामापकही नव्हता. पण त्या तारखा एकापुढे एक मांडल्या तेव्हा वसंत ऋतू अलीकडे सरकतो आहे हे स्पष्ट दिसले. २०२१ साली २६ मार्चला आलेला बहर हा सुमारे बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला. आपल्या देशातही ‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात शाळांतली मुले २०१० पासून झाडांची पालवी, फुले आणि फळे नोंदवीत आहेत. ज्ञान साठवायला यंत्रापेक्षा सातत्य अधिक लागते.

दुसरा आक्षेप असा येईल की तारीख कळली म्हणून पाऊस थोडाच पडणार आहे! पाऊस पडणार नाही, खरे आहे. पण फुलोरा उशिरा आला हे जुलैतच कळले तर फळ नोव्हेंबरात येणार हेही जुलैतच कळते. गर काढणाऱ्या केंद्राला, बाजार समितीला आणि ऊसतोडीची उचल घेणाऱ्या घराला ते चार महिने आधी ठाऊक असणे, यात मोठा फरक आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते थोडक्यात. शाळेजवळची किंवा बांधावरची पाच सीताफळाची झाडे निवडा आणि त्यांना क्रमांक द्या. प्रत्येकाच्या एका फांदीवर दोरा बांधा. मेच्या मध्यापासून दर तिसऱ्या दिवशी त्या फांदीवरची फुले, आणि पुढे वाटाण्याएवढी झालेली फळे, मोजून लिहा. सुट्टीत हे काम गावातच असणाऱ्यांनी वाटून घ्यावे. पावसासाठी सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. डब्याचे तोंड लहान की मोठे याने उंचीत फरक पडत नाही. का, ते तुम्हीच शोधा. आर्द्रतेसाठी दोन सारखे उष्णतामापक सावलीत टांगा आणि एकाच्या फुग्याभोवती ओल्या कापडाची चिंधी गुंडाळा. बाष्पीभवनाने तो कमी तापमान दाखवील. दोहोंतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. मेमध्ये दुपारी हा फरक बारा-पंधरा अंशांपर्यंतही दिसेल, आणि पावसाळ्यात तो दोन-तीन अंशांवर येईल. फरक कमी झाला त्या दिवसापासून फांदीवरची गळ थांबली का, ते तपासा. थांबली नाही तरी तसेच लिहा. भुंगेरे अजून आले नसतील.

वहीत खाडाखोड चालेल, पण मागाहून अंदाजाने भरलेला आकडा चालणार नाही. ज्या दिवशी मोजले नाही त्या दिवसाचा रकाना रिकामा सोडा.